जेवणातून गुपचूप गोळी देऊन नवऱ्याची दारू सुटते का?

ताई, नवऱ्याला न सांगता भाजीत गोळी कालवायचा विचार आधी डोक्यातून काढा. 'दारूचा तिटकारा येतो' म्हणून जी सांगतात ती बहुतेक डायसल्फिराम असते, आमच्याकडे दादासाठी दीड वर्ष होती.

तिटकारा बिटकारा काही येत नाही हो. दारूचं लिव्हरमध्ये आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी, एरवी शरीर ते लगेच मोडतं, ही गोळी ते मोडणंच अडवते. १९४८ च्या आसपास कोपनहेगनच्या दोघा संशोधकांना हे कळलं तेही जंतांचं औषध म्हणून स्वतः घेऊन बघताना, दारू प्यायले आणि आजारी पडले!

दादाने काय केलं, चार दिवस गोळी जिभेखाली दाबून ठेवली आणि वहिनी आत गेली की तुळशीच्या कुंडीत थुंकली, पाचव्या दिवशी मित्राच्या हळदीला क्वार्टर मारली. शेवटच्या गोळीनंतर १४ दिवसांपर्यंत धोका असतो हे डॉक्टरांनी बजावलेलं, पण ऐकतंय कोण. पंधरा मिनिटांत तोंड, मान, कान लालबुंद, मांडवामागे उलट्यांवर उलट्या, 'छाती फुटतेय' म्हणत होता, रिक्षात बसवताना मान टाकली कारण बीपी पडलेलं. दवाखान्यात आम्ही गोळीचं नाव तरी सांगू शकलो. तुमचे मिस्टर बाहेर कुठे पडले तर कोण सांगणार? त्यात हार्टचा त्रास असला तर जिवावरच बेतायचं.

आणि ही गोळी चालते ती मुळात धाकावर. खरी कोणाला, खोटी कोणाला हे न सांगता दिली त्या चाचण्यांत दोन्हीकडे फारसा फरक दिसला नाही, कारण धाक दोघांनाही सारखाच. ज्याला माहीतच नाही त्याला कसला धाक? पोराच्या अंगठ्याला कडुनिंब लावण्यासारखं हे नाहीये.

नंतर दादा स्वतःहून तयार झाला तेव्हा जमलं. आधी लिव्हरची टेस्ट, शेवटच्या पेगनंतर किमान १२ तास गेल्यावरच गोळी सुरू, रोज सकाळी वहिनीसमोर पाण्यात विरघळवून, जोडीला समुपदेशन. खोकल्याच्या औषधाचं लेबलसुद्धा वाचायचा, त्यातही अल्कोहोल असतं.

मिस्टर येत नसतील तर पहिल्यांदा तुम्ही एकट्याच व्यसनमुक्तीच्या ओपीडीला जाऊन या, घरच्यांशीही बोलतात तिथे. वहिनी तशीच गेली होती, दादाला महिनाभर पत्ताच नव्हता.