ग्रीन कार्डचा अर्ज चालू असताना भावाच्या लग्नाला अमेरिकेतून पुण्याला येता येईल का?

येता येईल, पण अ‍ॅडव्हान्स पॅरोलचा, म्हणजे अर्ज चालू असताना बाहेर जाऊन परत येण्याच्या आगाऊ परवानगीचा, कागद हातात पडल्याशिवाय विमानात बसू नका. तुम्ही अमेरिकेत राहूनच आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा अर्ज, भरला आहे. तो प्रलंबित असताना पॅरोलशिवाय देश सोडला, तर अर्ज तुम्हीच सोडून दिला असं धरतात. भरलेली फी जाते आणि सगळं पहिल्यापासून. नवरा अमेरिकन नागरिक असला तरी यातून सुटका नाही. पॅरोलसाठीचा अर्ज, आय-१३१, नुसता भरून निघणंही चालत नाही, तो मंजूर व्हायला हवा. सवलत आहे ती मुख्यतः वैध एच किंवा एल या नोकरीच्या व्हिसावाल्यांना. पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला असेल तर त्यांनाही मुंबईत बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये अपॉइंटमेंट घ्यावी लागते, आणि ती मिळणं सोपं नसतं.

पॅरोलचा कागद परतीच्या तारखेनंतरही वैध आहे ना, ते बघा. मुंबईहून परतताना विमान कंपनीच्या काउंटरवर हमखास विचारतात, "व्हिसा कुठाय?" तेव्हा मूळ कागदच दाखवायचा, फोनमधला फोटो नाही. आय-४८५ ची पावतीही जवळ ठेवा. तिकडे उतरल्यावर वेगळ्या खोलीत बसवतील, घाबरू नका. मात्र आत घ्यायचं की नाही हे शेवटी तिथला इमिग्रेशन अधिकारीच ठरवतो. पूर्वी व्हिसा संपून तिथे राहिला असाल, तर आधी वकिलाशी बोला.

आणि ग्रीन कार्डच्या मुलाखतीचं पत्र अमेरिकेतल्या पत्त्यावरच येतं. नवऱ्याला रोज टपाल बघायला सांगा, ती तारीख चुकवू नका.