थायरॉइडचं ऑपरेशन झालेलं असेल तर मोतीबिंदूच्या आधी कॅल्शियम तपासा

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप लागेना. वय 44, सात वर्षांपूर्वी थायरॉइडची ग्रंथी पूर्ण काढलेली, रोज सकाळी गोळी चालू, आणि आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एवढ्या लवकर कसा झाला आणि पिकेपर्यंत थांबू का, असं तुम्ही विचारलंय. पण मी लिहायला बसले ती तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. हातापायांना मुंग्या येतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, ते बी-12 मुळे असेल, असं तुम्ही जाताजाता लिहून गेलात. माझंही अगदी हेच होतं.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात हिशेब बघते. तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे वाचून एकही गोळी स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका.

मोतीबिंदू म्हणजे काय, ऑपरेशन कसं करतात, हे तुम्हाला सांगितलं असेलच. सांगत नाहीत ते हे. थायरॉइडच्या पाठीमागे तांदळाच्या दाण्याएवढ्या साधारण चार ग्रंथी चिकटलेल्या असतात, पॅराथायरॉइड. नाव सारखं असलं तरी काम वेगळं, रक्तातलं कॅल्शियम सांभाळायचं. थायरॉइड पूर्ण काढताना त्यांचा रक्तपुरवठा दुखावू शकतो, कधी एखादी सोबत निघूनही जाते. बहुतेकांच्या त्या काही आठवड्यांत, महिन्यांत सावरतात. थोड्यांच्या मात्र कायमच्या जातात. मग रक्तात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त राहतं, आणि असं वर्षानुवर्षं चाललं की डोळ्याच्या भिंगात बारीक ठिपके धरू लागतात. तरुण वयातल्या मोतीबिंदूचं हे जुनं, माहीत असलेलं कारण आहे.

माझं ऑपरेशन 2011 साली झालं, तेव्हा मी 36 वर्षांची होते. घरी सोडताना थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी), कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल (व्हिटॅमिन डीचं कामाचं रूप) अशा तीन गोळ्या दिल्या. सकाळी कामावर जायची घाई, म्हणून मी तिन्ही एकदमच घ्यायचे. वर्षभराने टीएसएच, म्हणजे थायरॉइडची गोळी पुरते का ते सांगणारा रक्तातला आकडा, वाढलेला आला. ज्या दवाखान्यात दाखवत होते तिथे सांगितलं, कॅल्शियममुळे थायरॉइडची गोळी अंगी लागत नाहीये, तर आता कॅल्शियम बंद करा, ऑपरेशनला वर्ष होऊन गेलं, त्याची गरज नाही. कॅल्सिट्रिऑलही त्यातच गेली. बंद करण्याआधी रक्तातलं कॅल्शियम तपासलं नाही, बंद केल्यानंतरही नाही.

कॅल्शियममुळे थायरॉक्सिन कमी शोषलं जातं, एवढं खरं होतं. पण त्यावर उपाय दोन गोळ्यांमध्ये चार तासांचं अंतर ठेवण्याचा. सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन आणि दुपारी, रात्री जेवणासोबत कॅल्शियम, बस. एवढं एक वाक्य मला कोणी सांगितलं असतं तर माझे डोळे कदाचित आणखी वीस वर्षं चांगले राहिले असते. याचा राग अजून जात नाही.

पुढची सहा वर्षं मी त्याच दवाखान्यात दर तीन महिन्यांनी जात होते. टीएसएच छान आला म्हणून सगळे खूश. मुंग्या येतात म्हटलं की बी-12 ची इंजेक्शनं. ओठांभोवती बधिर होतं म्हटलं की टेन्शन घेऊ नका. गोळे येतात म्हटलं की व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची पुडी. पॅराथायरॉइडचं हार्मोन नसलं की मूत्रपिंड साध्या डी चं कामाच्या रूपात नीट रूपांतर करू शकत नाही, म्हणून कॅल्सिट्रिऑल लागतं, हे मला फार उशिरा कळलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी सहा वर्षं गेली.

डोळ्यांचं सुरू झालं ते संध्याकाळी. अंबडहून पाथर्डी फाट्याकडे स्कूटरवर येताना हायवेवरच्या समोरच्या दिव्यांना पिसारे फुटल्यासारखे दिसायचे, रस्ताच हरवायचा. भर दुपारच्या उन्हात हिशेबाची वही वाचता यायची नाही, आणि खोलीत जरा अंधार असला की उलट बरं दिसायचं. उन्हात बाहुली लहान होते आणि नेमका मधला गढूळ भाग आड येतो, म्हणून तसं. वर्षात चष्म्याचे तीन नंबर बदलले. शेवटी बाहुली मोठी करून तपासलं तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वय 43.

ऑपरेशनच्या दिवशी नर्सबाईंनी बीपीचा पट्टा बांधला. आकडा नीट येईना म्हणून दोनतीनदा फुगवला, आणि माझा हात आपोआप वळला. अंगठा तळहातात, बोटं चोचीसारखी जुळलेली, मला ती उघडता येईनात. भूल देणाऱ्या डॉक्टर बाई शेजारीच होत्या. त्यांनी गळ्यावरचा व्रण पाहिला आणि विचारलं, "थायरॉइड काढलंय का? कॅल्शियम शेवटचं कधी तपासलं?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी त्या दिवशीचं ऑपरेशन थांबवलं आणि रक्त पाठवलं. कॅल्शियम 6.4 आलं. ते साधारण 8.5 ते 10.5 असायला हवं. एवढं कमी असताना झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

म्हणून माझं ठाम मत असं की डोळ्यांची तारीख घेण्याआधी कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, मॅग्नेशियम, पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन) आणि क्रिएटिनिन या रक्ताच्या तपासण्या एकदा करून घ्या आणि रिपोर्ट एंडोक्रिनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा. आकडे बरोबर आले तर फार चांगलं, तुमच्या मोतीबिंदूचं कारण दुसरं असेल. मधुमेह, जुना मार, खूप मोठा मायनस नंबर, किंवा स्टेरॉइड. ज्यांना ग्रेव्ह्ज या थायरॉइडच्या आजारामुळे डोळे बाहेर आल्याचा त्रास असतो त्यांना बऱ्याचदा स्टेरॉइड द्यावं लागतं, त्यानेही मोतीबिंदू लवकर येतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. नुसत्या थायरॉइडच्या नावावर सगळं ढकलू नका, एवढंच म्हणणं.

कॅल्शियम सुधारलं म्हणून आलेला मोतीबिंदू जात नाही. माझाही गेला नाही, मात्र वाढायचा वेग कमी झाला. तो विरघळवणारे थेंब म्हणून जे विकतात त्यावर पैसे घालवू नका. आणि पिकेपर्यंत थांबायचे दिवस गेले. कामाला, गाडी चालवायला अडचण येऊ लागली की ऑपरेशन करतात. माझे दोन डोळे महिन्याच्या अंतराने झाले. दिव्यांच्या पिसाऱ्यांना मी इतकी कंटाळले होते की दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणारं मल्टिफोकल भिंग नको म्हटलं, साधं दूरचं भिंग घातलं, वाचायला चष्मा लावते. हे माझ्यापुरतं. थायरॉइडवाल्यांचे डोळे पुष्कळदा कोरडे असतात, आणि कोरड्या डोळ्यावर घेतलेलं भिंगाचं माप चुकू शकतं. त्यामुळे मापाआधी कोरडेपणाचा इलाज करून घ्या, गरज पडली तर माप दोनदा घ्यायला सांगा.

निफाडकडे तुमच्या माहेरी द्राक्षबाग आहे असं लिहिलंय. ऑपरेशननंतर महिनाभर गंधकाची धुरळणी चालू असताना बागेत पाऊल टाकू नका. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी किती दिवस बंद ठेवायचं ते विचारा, त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, तिच्यामुळे कॅल्शियम कार्बोनेट कमी शोषलं जातं. आणि विम्याची पॉलिसी नवी असेल तर आधी कागद वाचा, बऱ्याच पॉलिसींत मोतीबिंदूला दोन वर्षं थांबावं लागतं.

आज माझं कॅल्शियम 8.6 च्या आसपास असतं. ते मुद्दाम खालच्या बाजूला ठेवतात, कारण जास्त झालं तर लघवीतून जाऊन मुतखडा होतो. त्यामुळे दर काही महिन्यांनी तपासणी चुकवत नाही. इलाज सुरू झाल्यावर मुंग्या पहिल्या आठवड्यातच थांबल्या होत्या.

तुमचं ऑपरेशन झालं तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा, त्यात पॅराथायरॉइड ग्रंथी दिसल्या, जपल्या असं काही लिहिलंय का ते पाहा. आणि आतासुद्धा बोटं वळत असतील, ओठ बधिर होत असतील किंवा छातीत धडधडत असेल तर उद्याच्या लॅबची वाट पाहू नका, आजच तातडीच्या विभागात जा आणि दारातच सांगा की थायरॉइड काढलेलं आहे. कॅल्शियमचा आकडा आला की इथे लिहा, मी वाट पाहते.