स्कॅन बघितलास, आता पेशंटला विचार

प्रिय,

तुझ्या पत्रातला पेच नेहमीचाच आहे. कॅन्सरच्या पेशंटच्या केमोच्या सहाव्या सायकलनंतर, म्हणजे औषधाच्या सहाव्या फेरीनंतर, केलेल्या स्कॅनमध्ये गाठी लहान झाल्यात, त्याचा मुलगा खूश आहे, सिनियर म्हणतात पुढची तारीख द्या. पेशंट मात्र म्हणतो, "डॉक्टर, मला यातून काहीच मिळत नाही." खरं कोणाचं? तिघांचंही. तिघं तीन वेगळ्या गोष्टी मोजतायत.

आपण व्यास मोजतो. निवडलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज 30 टक्के घटली की 'पार्शल रिस्पॉन्स', म्हणजे औषधाला अंशतः प्रतिसाद. त्या बेरजेत झोप नाही, तोंडाची गेलेली चव नाही, शर्टाचं बटण न लागणारी बोटं नाहीत. नातेवाईकांचा हिशोब आणखी वेगळा: काहीतरी चालू आहे ना, मग मदत होतेय. सलाईन उतरलं की आपण हात टेकले, असं त्यांना वाटतं. म्हणून माझं एकच टुमणं आहे, पेशंटला विचार.

आणि "कसं वाटतंय?" असं विचारू नकोस. त्याला "बरं आहे" हेच उत्तर येतं, कारण तक्रार केली तर केमो बंद करतील ही धास्ती. नेमकं विचार. जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात जातो का? गार भांड्याला हात लावला की झिणझिण्या येतात का, आणि त्या पुढच्या डोसपर्यंत जातात की राहतात? राहत असतील तर ऑक्झॅलिप्लॅटिनचा, म्हणजे नसांना त्रास देणाऱ्या त्या केमोच्या औषधाचा, डोस कमी करायचा किंवा ते थांबवून बाकीची औषधं चालू ठेवायची, हे लगेच बोलायला हवं. औषध बंद केल्यावरही काही महिने मुंग्या वाढत जाऊ शकतात. उशिरा विचारलंस तर विचारून उपयोग नाही. जुलाबांचंही तसंच. रोजच्यापेक्षा तीन वेळा जास्त झाले तरी आपल्या तक्त्यात ते ग्रेड 1, म्हणजे सगळ्यात सौम्य. ज्याला बसमध्ये बसायची भीती वाटते, त्याला तुझा ग्रेड सांगून बघ.

ओपीडीत वेळ कुठे आहे, हे मला ऐकवू नकोस. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत केमो घेणाऱ्या, आजार पसरलेल्या 766 पेशंटपैकी काहींना आपली लक्षणं टॅब्लेट कॉम्प्युटरवर नियमित नोंदवायला दिली. त्रास वाढला की नर्सला सूचना जायची. त्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) 31.2 महिने, नेहमीच्या पद्धतीतल्यांचं 26. एवढा फायदा देणारं औषध निघालं असतं तर त्याच्यासाठी आपण वेळ काढलाच असता. माझा राउंड लांबतो, लोक हट्टी म्हणतात. म्हणोत.

वेदनेबाबत तर मला धीरच राहत नाही. तोंडावाटे साधं, म्हणजे लगेच काम करणारं, मॉर्फिन दर 4 तासांनी, घड्याळाप्रमाणे. मध्येच कळ आली तर दिवसाच्या एकूण डोसाचा साधारण सहावा भाग जादा. दिवसाला 60 मिलिग्रॅम असेल तर 10. रेचक पहिल्याच दिवसापासून. मळमळ काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ आपणहून ओसरत नाही. पाच दिवस शौचाला न झालेला माणूस गोळी गुपचूप सोडतो, घरचे म्हणतात बरं झालं, व्यसन लागलं असतं, आणि आपण चार्टवर 'औषधं घेत नाही' लिहून मोकळे. का घेत नाही, हे विचारलं कुणी?

मुलगा तुला दाराबाहेर गाठून "बाबांना सांगू नका" म्हणाला, त्यावर चिडू नकोस. तो घाबरलाय. त्यालाच विचार, बाबांना किती कळलंय असं तुला वाटतं? मग त्याच्यासमोर बाबांना विचार: "सगळं जाणून घ्यायचंय, थोडंच, की मुलाशी बोलू?" "मुलाशी बोला" हेही उत्तर आहे, ते पाळ. पण उत्तर त्यांच्या तोंडून येऊ दे. 2012 च्या एका पाहणीत पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरसाठी केमो घेणाऱ्या 81 टक्के लोकांना या औषधाने आजार मुळातून जाण्याची शक्यता नाही, हे उमगलेलं नव्हतं. आपण "रिस्पॉन्स छान आहे" म्हणतो, त्यांना "बरा होतोय" ऐकू येतं. दोष ऐकणाऱ्याचा नाही.

तेव्हा पुढची तारीख देण्याआधी "काहीच मिळत नाही" म्हणजे नेमकं काय, ते त्याच्याकडून काढून घे. त्याच्याच शब्दांत, तारखेसह, फाइलच्या पहिल्या पानावर लिही, म्हणजे रात्रपाळीच्या पोरालाही दिसेल. डोस कमी करणं, अंतर वाढवणं, काही आठवडे विश्रांती, सगळे पर्याय त्यानंतर मांड.

फक्त ताप पेशंटला विचारून ठरवायच्या गोष्टींत धरू नकोस. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला असतात. तेव्हा एकदा 38.3 सेल्सिअस किंवा तासभर 38 राहिला, तर "उद्या बघू का?" म्हणणाऱ्या पेशंटचंही ऐकायचं नाही. रक्त कल्चरला (जंतू शोधायच्या तपासणीला) घे आणि पांढऱ्या पेशींच्या काउंटची वाट न बघता तासाभरात अँटिबायोटिक सुरू कर.