नव्या ट्यूटरला: कशावरून?

तुझा रात्री पावणेबाराचा मेसेज सकाळी वाचला. मग परत वाचला. तोवर चहा निवला होता.

म्हणजे झालं असं की, मेडिसिन वॉर्डात पोस्टिंगला असलेल्या तुझ्या नर्सिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरच्या मुलींनी अर्धांगाच्या आजींच्या पाठीला, बेडसोर (पडून पडून होणारी जखम) होऊ नये म्हणून, स्पिरिट चोळायला नकार दिला. ‘मॅडमनी सांगितलंय, चोळायचं नाही.’ इन-चार्ज सिस्टर नातेवाइकांसमोर म्हणाल्या, “तुमच्या मॅडमना सांगा, आधी एक नाइट करून दाखवा.” दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉल मॅडमनी तुला केबिनमध्ये बोलावलं. प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षक, बॅक केअर (पाठीची निगा) विचारतात, तेव्हा प्रोसिजर बुकात आहे तेच शिकवा, असं त्यांचं म्हणणं. आणि तू मला विचारतेस, “मॅडम, मुलींना खरं शिकवू की पास होण्यापुरतं?”

तू हुशार आहेस, धीर धर वगैरे मी लिहिणार नाही. हुशार आहेस ते तुला माहीत आहे, आणि नुसता धीर धरून काय होतं ते मी छत्तीस वर्षं पाहिलंय.

आधी तुझ्यावरच चिडते. मुलींना तू नेमकं काय सांगितलंस? ‘गाइडलाइनमध्ये आहे, चोळायचं नाही.’ अगं, सिस्टर म्हणतात ‘असंच करतात’, तू म्हणालीस ‘असं करत नाहीत’. मुलींच्या पदरात दोन्ही वेळा हुकूमच पडला! सिस्टरांनी त्यांना एवढंच विचारायला हवं होतं, “कशावरून?” तुझ्या आठही मुली जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या असत्या. राहिल्याच असतील.

हा एक शब्द मला तुझ्या वर्गात ऐकायचाय. तो मुलींनी तुला विचारला पाहिजे, आणि तुझ्याआधी स्वतःला.

आता त्या आजींच्या पाठीकडे ये. मुलींना पलंगाजवळ ने, आजींची परवानगी घे, त्यांना कुशीवर वळव. माकडहाडावर लाल चट्टा दिसला तर बोटाने हलकं दाबून सोडायला सांग. जागा पांढरी पडून परत लाल झाली, तर रक्त अजून फिरतंय. पांढरी पडलीच नाही, तर आत इजा सुरू झालीय. हाड आणि गादी यांच्यामध्ये चिमटलेल्या भागाचं रक्त थांबलंय, आणि तिथेच आपण स्पिरिट ओतून तळव्याने रगडणार! स्पिरिटने कातडी कोरडी पडते, रगडल्याने आधीच दुखावलेला भाग आणखी घासला जातो. एवढं मुलीने स्वतःच्या बोटाने पाहिलं की तुझ्या हुकुमाची गरज राहत नाही. आणखी एक गोष्ट पुस्तकात फोटो बघून कळणार नाही, कारण फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात. आपल्या सावळ्या पेशंटच्या पाठीवर लाली दिसेलच असं नाही. तिथे हाताच्या मागच्या बाजूने ऊब बघायची, जागा टणक लागते की लिबलिबीत ते शेजारच्या जागेशी ताडून बघायचं. पुस्तकातल्या चित्रालाही ‘कशावरून’ विचारायचं असतं ते असं.

हे शोधलं कुणी, ते मुलींना जरूर सांग. इंग्लंडमधल्या डोरीन नॉर्टन या नर्सने. वृद्ध रुग्णांच्या वॉर्डात तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की पाठीला लावायची नाना मलमं, द्रव्यं फारशी उपयोगाची नाहीत. पेशंटची कूस ठरावीक वेळाने बदलली की फरक पडतो. तो अहवाल १९६२ सालचा. मुलींना बेडसोरचा धोका मोजायची ‘नॉर्टन स्केल’ पाठ असते, पाच मुद्दे घडाघडा म्हणून दाखवतात, पण ती कुणा वॉर्डातल्या बाईने केलेली आहे हे कुणालाच माहीत नसतं. आपल्या पोरींना संशोधन म्हणजे डॉक्टरांचं काम वाटतं, याला आपण शिकवणारेच कारण आहोत.

माझी एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली होती. तू विद्यार्थिनी होतीस तेव्हा सांगायला हवी होती, पण तेव्हा तुझ्यासमोर मला चूक दिसायचं नव्हतं.

१९९६. मी एका मोठ्या रुग्णालयात स्टाफ नर्स होते. रात्रपाळी, चाळीस पेशंट, मी आणि एक मावशी. अर्धांगाचे एक आजोबा होते, शुद्ध अर्धवट. मी रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, घातली. सिरिंजने दहा सीसी हवा सोडली, पोटावर स्टेथोस्कोप ठेवला, बुडबुड आवाज आला. शिकवलं होतं तसंच केलं, आवाज आला म्हणजे नळी पोटात. दोनशे मिली पेज सोडली. आजोबा खोकलेसुद्धा नाहीत, तेवढी ताकदच नव्हती त्यांच्यात. अर्ध्या तासाने ओठ निळे दिसायला लागले. तिसऱ्या दिवशी गेले. केसपेपरवर अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया (अन्न फुप्फुसात जाऊन होणारा) लिहिलं गेलं. कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. त्यांची सून माझा हात धरून म्हणाली, “तुम्ही फार केलंत हो सिस्टर.”

आणि मी काय निष्कर्ष काढला? की मी नीट ऐकलं नव्हतं. चूक माझ्या कानाची. दोन वर्षांनी ट्यूटर झाले आणि नऊ बॅचना तीच पद्धत शिकवली, उलट जास्त कडक! “कान देऊन ऐका गं, आवाज पोटातलाच आहे ना, खात्री करा.” पद्धतच खोटी असेल असं मनातसुद्धा आलं नाही. २००७ मध्ये एका परिषदेच्या निमित्ताने वाचायला बसले तेव्हा कळलं, की आवाजावरून नळीची जागा ओळखता येत नाही हे नॉर्मा मेथेनी नावाच्या अमेरिकन नर्सने तपासून १९९० सालीच छापलं होतं. माझ्या आजोबांच्या सहा वर्षं आधी! ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००५ मध्ये ही हवेची पद्धत वापरू नका म्हणून रुग्णालयांना कळवलं होतं. नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लतेचा आकडा) बघा, साडेपाच किंवा त्याखाली हवा, म्हणजे पोटातलं आम्ल. द्रव आला नाही, पीएच जास्त आला किंवा शंका राहिली, तर एक्स-रे. आम्लता कमी करणारी औषधं चालू असतील तर पीएच चढा येतो, तेही त्यात आलं.

त्या नऊ बॅचच्या मुली आज कुठे कुठे सिस्टर आहेत. काही जणी आखातात आहेत, दोन लंडनला. मी दिलेला तो आवाज त्यांतल्या कितीजणी अजून ऐकत असतील? हा हिशेब मी रात्री करते. म्हणून तुझ्या पावणेबाराच्या मेसेजने मला एवढं हलवलंय.

कुणीतरी लगेच म्हणेल, तेव्हा इंटरनेट नव्हतं, जर्नल मिळत नव्हती. खरंय. पण खरं सांगू? मिळालं असतं तरी मी शोधलं नसतं, कारण मला प्रश्नच पडला नव्हता.

दर १२ मेला, नर्सेस डेला, आपण मेणबत्त्या लावतो, शपथ घेतो, दिवा घेतलेल्या बाईचं चित्र लावतो. मला त्या दिव्याचा कंटाळा आलाय. क्रिमियन युद्धात तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई पोचल्या नोव्हेंबर १८५४ मध्ये, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात तिथले मृत्यू कमी झाले नाहीत, भयंकर वाढले. मार्च १८५५ मध्ये सॅनिटरी कमिशन आलं, गटारं साफ झाली, हवा खेळती केली, मग आकडा उतरला. सैनिक मरतात ते अन्नाच्या आबाळीने आणि फार उशिरा आणल्याने, असं सुरुवातीला बाईंचंही मत होतं. युद्ध संपल्यावर विल्यम फार या आकडेतज्ज्ञाबरोबर त्यांनी सगळे आकडे मांडले आणि स्वतःचं मत बदललं. १८५८ मध्ये मृत्यूंच्या कारणांचा तो प्रसिद्ध पाकळ्यांचा आलेख छापला. आपल्याच हाताखाली इतकी माणसं गेली, ती कशाने, हे कागदावर मांडायला काय छाती लागत असेल! मुलींना दिवा दाखवू नकोस, तो आलेख दाखव.

नवीन अभ्यासक्रमात संशोधन आणि संख्याशास्त्र आहे, पुराव्यावर आधारित शुश्रूषा हे शब्दही जागोजागी आहेत. त्याने हुरळू नकोस. आपल्याकडच्या प्रबंधांची कपाटं उघडून बघ. ‘अमुक विषयाच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमचा परिणाम, निवडक रुग्णालयात.’ आधी वीस प्रश्न विचारायचे, मग तासभर शिकवायचं, आठवड्याने तेच वीस प्रश्न परत विचारायचे. मार्क वाढतात. कसे नाही वाढणार? मग लिहायचं, कार्यक्रम परिणामकारक. शेजारी न शिकवलेला गट नाही, सहा महिन्यांनी कुणी विचारत नाही, आणि एकाही पेशंटची जखम लवकर भरली का ते कुणी पाहत नाही. असले प्रबंध मी स्वतः गाइड केलेत, मोजायला जाऊ नकोस. केअर प्लॅनची, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेच्या आराखड्याची, तीच गत. सीनियरच्या फाइलमधून उतरवलेला. पेशंट पुरुष आणि प्लॅनमध्ये ‘ती’!

‘छापलंय’ हे ‘असंच करतात’चंच शहरातलं भावंड आहे. शॉकमधल्या, म्हणजे रक्ताभिसरण ढासळलेल्या, आजारी मुलाला पटापट सलाइन द्या, हे पुस्तकांत पक्कं होतं. आफ्रिकेत केनिया, युगांडा, टांझानियामध्ये ३,१४१ मुलांवर तपासलं. २०११ मध्ये निकाल आला तेव्हा ज्यांना झटपट सलाइन दिलं त्यांच्यात अठ्ठेचाळीस तासांतले मृत्यू शंभरात दहाच्या वर, ज्यांना दिलं नाही त्यांच्यात सातच्या थोडे वर. तिथल्या तापाच्या, मलेरियाच्या, रक्त कमी असलेल्या मुलांचं ते उत्तर आहे; जुलाबाने सुकलेली मुलं त्यात घेतलीच नव्हती, हेही सांग. नाहीतर मुली उद्या गॅस्ट्रोच्या बाळाचं सलाइन बंद करतील. कुणावर तपासलं, कशाशी तुलना केली, काय मोजलं, आणि माझा पेशंट त्यांच्यासारखा आहे का. एवढे चार प्रश्न पुरतात. इंग्रजी आद्याक्षरं पाठ करून घेण्यात आठवडा घालवू नकोस.

आता तुझा प्रश्न, खरं की पास होण्यापुरतं. इथे मी जे केलं ते करू नकोस.

माझी एक विद्यार्थिनी होती, चुणचुणीत. प्रॅक्टिकलला एक्स्टर्नलने रायल्स ट्यूबची जागा कशी तपासाल विचारलं. ती माझ्या शिकवणीप्रमाणे पीएच म्हणाली. एक्स्टर्नल म्हणाल्या, आपल्याकडे हवा सोडून बघतात. ती म्हणाली, “कशावरून, मॅडम?” तिला वाटलं मी बाहेर आहे, पाठीशी उभी राहीन. मी बाहेरच होते. आत गेले, एक्स्टर्नलशी कडाकडा भांडले, माझं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि मुलगी नापास झाली. सहा महिने गेले, ठरलेली नोकरी गेली. पुढे माझं प्रमोशन दोनदा अडलं. भांडकुदळ बाई म्हणून नाव झालं त्याचं मला काही वाटत नाही. आजही भांडेन. गप्प बसून बढती घेतलेल्या बायका मी पाहिल्यात, त्यांच्या केबिनला एसी आहे, बाकी काय? पण त्या पोरीचे सहा महिने मी खर्च केले, ते माझे नव्हते.

तेव्हा भांडण तुझं आहे, मुलींचं नाही. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) त्यांना दोन्ही सांगायला शिकव: “वॉर्डात अमुक करतात, सध्याची शिफारस तमुक आहे, कारण हे.” एवढं बोलल्यावर मार्क कापणारी एक्स्टर्नल विरळा. आणि परीक्षेच्या आधीच प्रोसिजर बुक बदलायचा अर्ज तू कर, लेखी, पुराव्याची झेरॉक्स जोडून. नामंजूर होईल. पुढच्या वर्षी परत कर.

इन-चार्ज सिस्टरांबद्दल तू लिहिलंयस, ‘त्यांना काही शिकायचंच नाही.’ कशावरून? त्यांनी तुला सांगितलं, एक नाइट करून दाखवा. मला तो टोमणा वाटत नाही. चाळीस पेशंटमागे एक सिस्टर असताना दर दोन तासांनी कूस कोण बदलणार, हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो तुझ्या गाइडलाइनपेक्षा खरा आहे. स्पिरिट चोळताना निदान दिवसातून एकदा पेशंट वळवला जातो, पाठ बघितली जाते. तू ते बंद केलंस आणि त्या जागी काही दिलं नाहीस, तर आजींची पाठ कुणीच बघणार नाही. तेव्हा खरंच एक नाइट कर. मुलींना घेऊन कूस बदलण्याचा तक्ता लाव, नातेवाइकांना वळवायला शिकव, महिनाभर कुणाच्या पाठीवर काय दिसलं ते तारखेसकट साध्या वहीत लिही. वही सिस्टरांच्या टेबलावर ठेव, स्वतःच्या कपाटात नको. आकडे त्यांचे होऊ देत. आणि आकडे तुझ्या विरुद्ध गेले तरी वही फाडायची नाही.

पीएचच्या पट्ट्यांची एक डबी माझ्याकडे पडून आहे, कुरिअरने पाठवतेय. एक्सपायरी बघून घे, मी बघितलेली नाही.