ब्रिस्बेनला परसाचे घर घ्यावे की फ्लॅट?

आपले पत्र मिळाले. ब्रिस्बेनची नोकरी पक्की झाली आहे, पाच वर्षांची मुलगी सोबत येणार आहे, आई व्हिजिटर व्हिसावर काही महिने राहतील, आणि परस असलेले भाड्याचे घर घ्यावे की सापांच्या धास्तीने फ्लॅटच बरा, असे आपण विचारले आहे. मी मूळचा वाळवा तालुक्यातला असून बरीच वर्षे ब्रिस्बेनच्या पश्चिमेकडील उपनगरात राहतो. माझ्या मते घर अवश्य घ्यावे. मात्र सांगली-मिरजेकडे सापांविषयी आपण जे लहानपणापासून शिकतो, त्यातले काही येथे कामाला येते आणि काही चक्क घात करते. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ओळखता आले की माणूस निम्मा निर्धास्त होतो, आणि लांब, सडपातळ, तपकिरी साप बांधावरून सळसळत गेला तर धामण म्हणून त्याला सोडून देतो. येथला ईस्टर्न ब्राउन दिसायला जवळजवळ तसाच असतो, आणि ऑस्ट्रेलियात सर्पदंशाने होणाऱ्या मृत्यूंपैकी सर्वाधिक मृत्यू त्याच्याच दंशाने होतात. उलट ज्याला पाहून आपल्या माणसाची घाबरगुंडी उडावी तो कार्पेट पायथन, अंगावर ठळक नक्षी असलेला आणि सहज दोन मीटरांच्या वर जाणारा, अजगराच्या कुळातला आणि बिनविषारी आहे. छपराच्या पोकळीत राहून तो उंदीर आणि पॉसम नावाचे झाडांवर राहणारे प्राणी खातो. जून-जुलैच्या थंडीत आमच्याकडचा एक सकाळच्या उन्हाला कुंपणावर येऊन पसरतो. फळीची कड अरुंद असल्याने त्याचे पोट दोन्ही अंगांना ओघळलेले दिसते, आणि तो आल्याची वर्दी नॉइझी मायनर नावाचे पक्षी कलकलाट करून आधीच देतात. आम्ही त्याला हात लावत नाही. आईंना मात्र एवढे बजावून ठेवा की परसात तपकिरी साप दिसला तर ‘धामण आहे, जाईल’ असे म्हणून त्याच्याजवळ जायचे नाही.

काठी घेऊन धावण्याची सवयही सोडावी लागेल. क्वीन्सलँडमध्ये साप १९९२च्या निसर्ग संवर्धन कायद्याने संरक्षित आहेत, शिवाय साप मारायला किंवा पकडायला गेलेल्यांनाच अनेकदा दंश होतो. मुलीला आणि कुत्र्याला घरात घ्यावे, दार लावावे, लांबून सापावर नजर ठेवावी आणि परवानाधारक साप पकडणाऱ्याला बोलवावे. आपल्याकडचा सर्पमित्र चहावर खूश असतो; येथे पैसे मोजावे लागतात. बत्तीस शिराळ्याच्या बाजूला वाढलेल्यांना सापाची भीती कमी असते हे मला ठाऊक आहे, पण ते धाडस येथे दाखवू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. घोणशीचे पान लागले तर आग होते, पाय सुजतो, म्हणून सूज नाही तर विष नाही असा आपल्याकडे समज आहे. तो मण्यारीच्या बाबतीतही खोटा ठरतो आणि येथे तर जीवघेणा आहे. ईस्टर्न ब्राउनचे दात लहान असतात, दंशाची खूण ओरखड्याएवढीच राहते, दुखतही फारसे नाही. पण विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती जाते आणि माणूस थोड्याच वेळात कोसळू शकतो. त्यामुळे नुसता संशय आला तरी दंश झाला असेच धरून चालावे. ०००ला, म्हणजे येथल्या आणीबाणीच्या क्रमांकाला, फोन करावा, माणसाला आहे तेथेच बसवावे किंवा निजवावे, एक पाऊलही चालू देऊ नये, आणि रुंद इलॅस्टिक बँडेज बोटांपासून वर संपूर्ण हात किंवा पाय झाकेल असे, मुरगळल्यावर बांधतो तितके घट्ट गुंडाळून फळीचा आधार द्यावा. हे विष मुख्यतः लसिकावाहिन्यांतून, म्हणजे लिम्फच्या बारीक नलिकांतून, पसरते आणि दाब व स्थिरता यांमुळे ते रेंगाळते. जखम धुऊ नये, चिरू नये, वर दोरी आवळू नये. ही पट्टी सांगलीत मात्र सरसकट बांधू नये, कारण घोणस आणि फुरशाच्या विषाने दंशाच्या जागेचे मांसच नासते आणि दाबाने ते अधिक बिघडते. तशी बँडेजे घरात आणि गाडीत ठेवावीत. एवढी तयारी आणि जवळची रुग्णालये यांमुळे या देशात सर्पदंशाने वर्षाला साधारण दोन-तीन माणसे दगावतात. भारतात २००० ते २०१९ या काळात हा आकडा वर्षाला सरासरी ५८,००० होता, असे एका अभ्यासाचे अनुमान आहे.

परसाची निगा आपल्या गावासारखीच ठेवावी. गवत कापलेले असावे, पत्रे आणि सरपण जमिनीवर पडू देऊ नये, आणि कोंबड्या पाळण्याचा मोह झाला तर त्यांच्या दाण्याला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो, हे लक्षात असावे. जाळीची दारे फाटलेली नाहीत ना, ते घर बघतानाच तपासा.

इतर प्राण्यांचा बाऊ करण्याचे कारण नाही. भिंतीवरचा तळहाताएवढा हंट्समन कोळी निरुपद्रवी असतो. काळा, पाठीवर लाल पट्टा असलेला रेडबॅक कुंड्यांखाली सापडतो, म्हणून कुंडी उचलताना हातमोजे घालावेत. ऑगस्टपासून वसंतात काही मॅगपाय पक्षी घरट्याजवळून जाणाऱ्यांच्या डोक्यावर झेपावतात, तेव्हा मुलीला शाळेत पोहोचवताना छत्री घ्यावी. वटवाघूळ जमिनीवर पडलेले दिसले तरी उचलू नये, कारण त्याच्या चाव्यातून किंवा ओरखड्यातून रेबीजच्या जातीचा लिसाव्हायरस होऊ शकतो.

पावसाळी रात्री अंगणात बसलेला केन टोड पाहून मला आपल्याकडच्या, उसाची मुळे खाणाऱ्या हुमणी अळीची आठवण होते. उसाचे भुंगेरे खावेत म्हणून १९३५ साली हा भेक हवाईहून उत्तर क्वीन्सलँडमध्ये आणला गेला. भुंगेरे राहिले उसाच्या शेंड्यावर, अळ्या जमिनीत मुळांशी, आणि भेक मधल्या मोकळ्या जागेत वाढत वाढत उत्तर आणि पूर्व ऑस्ट्रेलियात दूरवर पसरला. त्याच्या कानामागच्या ग्रंथींत विष असते. कुत्र्याने त्याला तोंडात धरले तर ओल्या फडक्याने हिरड्या पुसून लगेच पशुवैद्याकडे न्यावे.

एक व्यवहाराची गोष्ट. क्वीन्सलँडच्या रहिवाशांना रुग्णवाहिकेचे पैसे पडत नाहीत, पण आई पाहुण्या म्हणून येतील, त्यांना ते भरावे लागतील आणि ती रक्कम बरीच असते. म्हणून सांगलीतून निघण्यापूर्वी त्यांचा विमा काढताना रुग्णवाहिकेचा खर्च त्यात धरला आहे की नाही, ते एजंटाकडून लेखी घ्या.