गट सारखे का पडत नाहीत?

प्रश्न : औसा तालुक्यातील एका शाळेत मी आठवीला शिकवते. वर्गाचा पट ४७ आहे. २२ मुले आणि २५ मुली. खरोसा लेण्यांच्या सहलीसाठी सहा गट पाडायचे म्हणून एक्सेलमधील रँडबिट्विन सूत्राने प्रत्येक नावापुढे १ ते ६ पैकी आकडा काढला, तर एका गटात बारा जण आले आणि दुसऱ्यात चारच. शिवाय एखादे नाव दुरुस्त केले तरी सगळे गट बदलतात. काय करावे?
— एक शिक्षिका, जि. लातूर

उत्तर : तुमचे सूत्र बरोबर चालते, पण ते प्रत्येक नावासाठी नव्याने फासा टाकते आणि आधी कोणता आकडा किती वेळा पडला हे पाहत नाही. तुम्हाला हवे आहे ते पत्ते वाटणे, म्हणजे आधी पिसायचे आणि मग सहा जणांना ओळीने एकेक पान द्यायचे.

पहिल्या ओळीत शीर्षके, ‘ए’ स्तंभात नावे आणि ‘बी’ स्तंभात मुलगा किंवा मुलगी अशी नोंद असावी. ‘सी’ स्तंभात =रँड() लिहून ते खालपर्यंत ओढावे. (सूत्रातील अक्षरे व आकडे टंकताना इंग्रजीच वापरावेत.) हे सूत्र तक्त्यात काहीही बदलले की नवे आकडे काढते, म्हणून तो स्तंभ कॉपी करून तिथेच पेस्ट स्पेशलमधील ‘व्हॅल्यूज’ने चिकटवावा. मग संपूर्ण यादी आधी ‘बी’ आणि नंतर ‘सी’ स्तंभानुसार सॉर्ट करून ‘डी२’मध्ये =मॉड(रो()-२,६)+१ लिहावे व खाली ओढावे. ओळीच्या क्रमांकातून २ वजा करून ६ ने भागल्यावर उरणारी बाकी ० ते ५ असते. त्यात १ मिळवला की गटक्रमांक मिळतो.

इथे बहुतेकांची एक चूक होते : मुलांची वाटणी संपली की मुलींसाठी गटक्रमांक पुन्हा १ पासून सुरू करतात. तसे केल्यास पहिल्या गटात ४ मुले व ५ मुली असे नऊ जण होतात आणि शेवटच्या दोन गटांत सातच राहतात. क्रम न तोडता वाटल्यास पाच गट आठांचे आणि एक सातांचा होतो, शिवाय प्रत्येक गटात ३ किंवा ४ मुले आणि ४ किंवा ५ मुली येतात.

हे सूत्र ओळीच्या क्रमांकावर अवलंबून असल्यामुळे, नावे पुन्हा अकारविल्हे लावण्यापूर्वी ‘डी’ स्तंभही व्हॅल्यूज म्हणून चिकटवून घ्यावा, नाहीतर सगळे गट पुन्हा बदलतील. आकड्यांऐवजी नावे हवी असतील, तर चूझ सूत्राने १ ते ६ ला मांजरा, तेरणा, तावरजा, रेणा, मन्याड, गोदावरी अशी नद्यांची नावे देता येतात. ‘गट क्रमांक सहा’मध्ये जायला मुले उगीच नाखूश असतात.