गणित आत्ताच आणि फुकट, मातीकाम जानेवारीत: फ्रीमाँटच्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर

नमस्कार ताई,

बाकीच्या वाचकांना संदर्भ लागेल म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. ताई ४४ वर्षांच्या, मूळच्या सांगलीच्या, यंदा जानेवारीच्या सुरुवातीला न्यू जर्सी सोडून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आल्या. मिस्टर आयटीत, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, ताई त्यांच्या जोडीदार म्हणून एच-४ व्हिसावर आणि वर्क परमिट अजून नाही. वर्षाचं उत्पन्न २ लाख १० हजार डॉलर, बँकेत २२ हजार, महिन्याचा खर्च साडेसहा हजाराच्या आसपास. ताईंना मातीकाम आणि ड्रॉइंग नीट शिकायचंय, आणि दहावीनंतर सुटलेलं गणित, म्हणजे अपूर्णांक, टक्केवारी वगैरे, परत पहिल्यापासून करायचंय. एका खाजगी संस्थेने ऑनलाइन आर्ट सर्टिफिकेट कोर्स ६,५०० डॉलरला देऊ केलाय, ३२५ डॉलरचे २४ हप्ते. मिस्टर म्हणतात ४०१-केवर (त्यांच्या निवृत्तीच्या बचत खात्यावर) लोन काढू नाहीतर लेकाच्या ५२९ मधून (शिक्षणासाठीच्या बचत खात्यातून) घेऊ, आणि ताई विचारतात की या वयात स्वतःवर एवढे पैसे घालणं बरोबर आहे का.

शेवटचा प्रश्न आधी घेते कारण तो पत्रात तुम्ही तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलाय. हो, बरोबर आहे. तुमच्या घरच्या उत्पन्नात वर्षाला चारपाचशे डॉलर तुमच्या शिकण्यावर जाणं ही अगदी साधी गोष्ट आहे, त्यासाठी कुणाची परवानगी नको आणि "पुढे यातून काय मिळणार" हे सिद्ध करायची पण गरज नाही. माझा आक्षेप फक्त ६,५०० ला आहे.

आता तो हप्ता बघा. ३२५ गुणिले २४ म्हणजे ७,८००. म्हणजे १,३०० डॉलर जास्तीचे. तुम्ही लिहिलंय की "दोन वर्षांत वीस टक्के, म्हणजे वर्षाला दहाच टक्के ना?" इथेच बहुतेक लोक फसतात ताई, तुम्ही एकट्या नाही. दहा टक्के तेव्हा झाले असते जेव्हा पूर्ण ६,५०० दोन वर्षं तुमच्याकडे राहिले असते, पण तुम्ही तर पहिल्या महिन्यापासून परत करत सुटणार, वर्ष संपेपर्यंत निम्म्याच्या आसपास मुद्दल फिटलेलं असणार, आणि तरी व्याज मात्र सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर धरल्यासारखं भरणार. नीट हिशोब केला तर हे वर्षाला साधारण १८ टक्क्यांचं कर्ज आहे, क्रेडिट कार्डाच्या जवळ जाणारं. त्या संस्थेच्या माणसाने फोनवर "टॅक्समध्ये बरेच परत मिळतात" सांगितलं म्हणता, ते पण सोडून द्या. लाइफटाइम लर्निंग क्रेडिट (शिक्षणाच्या फीवरची टॅक्सची सवलत) जास्तीत जास्त २,००० डॉलर असतं हे खरं, पण नवराबायकोच्या जॉइंट रिटर्नला उत्पन्न १ लाख ६० हजार झाल्यापासून कमी होत १ लाख ८० हजारांना ते शून्य होतं. तुम्ही त्याच्या वर आहात. एक पैसा मिळणार नाही.

४०१-केच्या लोनला मी एरवी सरसकट नाही म्हणत नाही, पण तुमच्या घरी नाही म्हणेन. नोकरी गेली तर उरलेलं लोन त्या वर्षीच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत (एक्स्टेन्शन धरून) भरावं लागतं, नाही भरलं तर ते पैसे काढल्यासारखे धरून टॅक्स लागतो आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर वर १० टक्के दंड. आणि एच-१बीवर नोकरी गेली की नवीन नोकरी शोधायला किंवा बॅगा भरायला ६० दिवस. त्या ६० दिवसांत तुमच्याकडे कर्ज नको, रोख हवी. २२ हजार म्हणजे जेमतेम सव्वातीन महिन्यांचा खर्च, मला तो किमान सहा महिन्यांचा दिसायला हवाय. सर्टिफिकेटचे ६,५०० म्हणजे बरोबर एका महिन्याचा घरखर्च आहे, असं बघा.

५२९ चं तर अजूनच साधं. बेनिफिशियरी, म्हणजे खातं ज्याच्या शिक्षणासाठी आहे तो, बदलून आईचं नाव घालता येतं, आणि मान्यताप्राप्त कॉलेजची फी, पुस्तकं, लागणारं साहित्य त्यातून चालतं. पण नियमात न बसणाऱ्या खर्चाला काढलेत तर नफ्यावर इन्कम टॅक्स, शिवाय त्याच नफ्यावर १० टक्के फेडरल दंड आणि कॅलिफोर्नियाचे वेगळे अडीच टक्के. आणि इथल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजात शिकलात तर फी एवढी कमी आहे की त्यासाठी लेकाच्या खात्याला हात लावायचं कारणच नाही.

किती कमी, तर कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात इथल्या रहिवाशांना युनिटमागे ४६ डॉलर. सिरॅमिक्सचा तीन युनिटचा कोर्स म्हणजे १३८, वर हेल्थ फी, पार्किंग, साहित्य. पण (हा पण तुमच्या केसमध्ये फार मोठा आहे) रहिवासी धरायला इथे एक वर्ष पूर्ण व्हावं लागतं, टर्म सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मोजतात. त्याआधी नॉन-रेसिडेंट म्हणून युनिटमागे आणखी तीनशे-चारशे डॉलर लागतात, म्हणजे तोच कोर्स हजार-बाराशेच्या वर. एच-४वर ही फीपुरती रेसिडेन्सी (रहिवासी दर्जा) मिळते, त्याची काळजी नको. तर ऑगस्टच्या फॉल सेमिस्टरला घाई करू नका, जानेवारी अखेरच्या स्प्रिंगला तुमचं वर्ष भरलेलं असेल. पाच महिने थांबण्याचे एका कोर्सला हजार डॉलर वाचतात, दोन कोर्स असतील तर दोन हजार. फक्त कागद आत्तापासून नीट ठेवा: लायसन्स अजून न्यू जर्सीचंच आहे म्हणता ते या आठवड्यात बदला, गाडीचं रजिस्ट्रेशन पण, लीजवर तुमचं नाव घाला. मध्ये सांगलीला जाऊन आलात तर साधारणपणे बिघडत नाही, पण ऑफिसवाले एक वर्षापूर्वीच्या तारखेचे पुरावे मागतात, त्यामुळे जानेवारीतलं जे काही असेल, लीज, बँकेचं स्टेटमेंट, लेकाच्या शाळेचं अ‍ॅडमिशन, सगळं एका फोल्डरमध्ये.

गणिताला मात्र थांबू नका. तिथे रेसिडेन्सीची भानगडच नाही. कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये तुम्हाला बेसिक मॅथ सापडलं नाही आणि तुम्हाला वाटलं आपल्यासाठी काही नाहीच, तर त्याचं कारण वेगळं आहे. २०१७ चा एबी ७०५ आणि २०२२ चा एबी १७०५ या कॅलिफोर्नियाच्या कायद्यांनंतर इथल्या कम्युनिटी कॉलेजांनी मुलांना खालच्या पातळीच्या गणितात अडकवून ठेवणं जवळपास बंद केलं, थेट स्टॅटिस्टिक्स वगैरेला घालतात, वर मदतीचा तास. डिग्रीवाल्या मुलांसाठी ते चांगलं असेल, पण ज्याला खरंच ३/८ आणि ५/६ ची बेरीज पहिल्यापासून शिकायचीय त्याने कॉलेजच्या नॉन-क्रेडिट विभागात (जिथले वर्ग डिग्रीत मोजत नाहीत) किंवा शाळांच्या डिस्ट्रिक्टच्या अ‍ॅडल्ट स्कूलमध्ये जायचं. तुमच्याकडे फ्रीमाँट युनिफाइडचं अ‍ॅडल्ट स्कूल आहे, ओलोनी कॉलेज पण आहे, दोन्हीकडे फोन करा आणि "अ‍ॅडल्ट बेसिक एज्युकेशन, मॅथ" असंच म्हणा. या वर्गांना फी नसते. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी कासास नावाची टेस्ट घेतात, ती पास-नापासाची नाही, कुठल्या पातळीला बसवायचं ते बघायला असते, प्रश्न पण किमतीच्या लेबलचे, वेळापत्रकाचे, डिस्काउंटचे. घाबरण्यासारखं काही नाही.

आणि हे गणित तुमच्या मातीकामाच्या आड येत नाही, त्याच्या कामाचंच आहे. भट्टीत माती आकसते. समजा पिशवीवर १२ टक्के लिहिलंय आणि तुम्हाला १० सेंटिमीटरचा कप हवाय. बरेच जण ११.२ चा करतात, कारण दहावर बारा टक्के वाढवले. पण आकसणार तो मोठा कप, दहाचा नाही, म्हणून १० भागिले ०.८८, म्हणजे जवळपास ११.४. झाकणाच्या बरणीला तेवढ्या दोन मिलिमीटरमध्ये झाकण बसतं किंवा बसत नाही. वर हप्त्यामध्ये फसवणारी टक्केवारी आणि ही, दोन्ही एकच चूक आहे: टक्के कशाचे, हे न बघणं. मला अगदी मनापासून वाटतं की तुम्ही आधी गणितालाच बसावं, त्याने पुढची तीस वर्षं तुमच्यापुढे कोणी कागद सरकवला की तुम्ही स्वतः बघाल.

स्टुडिओच्या वर्गांचं एक लोकांना उशिरा कळतं. २०१३ पासून इथे तोच आर्ट कोर्स पास झाल्यावर परत परत क्रेडिटला घेता येत नाही, आणि एका प्रकारातले, म्हणजे सिरॅमिक्समधले, मिळून चारच. आधी लोक चाकावर बसायला मिळतं म्हणून वर्षानुवर्षं एकच वर्ग घ्यायचे, ते बंद झालं. म्हणून चारही एका दमात संपवू नका. पहिल्या स्प्रिंगला एकच सिरॅमिक्स घ्या, आठवड्याचे सहाएक तास वर्गातच जातात, शिवाय ओपन लॅब. ड्रॉइंग नंतर. ग्रेडचं टेन्शन असेल तर पास/नो पास (ग्रेडऐवजी नुसतं पास किंवा नाही) घेता येतं का विचारा. नवीन विद्यार्थ्यांना रजिस्ट्रेशनची तारीख उशिरा मिळते आणि सिरॅमिक्स भरलेलं असतं, तरी वेटलिस्टवर नाव घालून पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसा, बऱ्याच जणांना तिथे अ‍ॅड कोड (भरलेल्या वर्गातही नाव घालायचा नंबर) मिळतो. खर्चात मातीची २५ पौंडांची पिशवी, थोडी हत्यारं, भट्टीची फी धरून तीनशेच्या आत पहिलं सेमिस्टर बसायला हवं.

एक कळकळीने सांगते. मंडळाच्या गणपतीत स्टॉल लावून पणत्या आणि चहाचे मग विकायचं मनात आहे म्हणालात. वर्क परमिट नसताना एच-४वर ते करू नका, ऑनलाइन सुद्धा नको, मैत्रिणींकडून "फक्त मातीचे पैसे" पण नको. ग्रीन कार्डाच्या वाटेवर असताना चारशे डॉलरच्या विक्रीसाठी तो धोका घ्यायचा नाही. वाटा, भेट द्या, खुशाल. परमिट आलं की बोलू, आणि तेव्हा कमाईच हवी असेल तर प्रीस्कूलसाठी लागणारे अर्ली चाइल्डहूडचे १२ युनिट याच दराने ५५२ डॉलरला होतात, त्या सर्टिफिकेटच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी.

त्या संस्थेला सीट धरायला २०० डॉलर भरलेत ना, त्यांना आजच ईमेल करा, फोन नको. प्रवेश रद्द करतेय आणि डिपॉझिट परत हवंय, तारखेसकट. करारात रद्द करायची मुदत दिलेली असते ती आधी वाचा, आणि कार्डाने भरले असतील तर स्टेटमेंट जपून ठेवा. उत्तर आलं की मला पाठवा, मी बघते.